उजव्या बाजूचा बोल्ट

चालू गाडी खोलायची नाही, हा आमच्या भासऱ्यांचा कायदा होता. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. गाडी म्हणजे आमचा ट्रक, डिझेलचा, माझ्या लग्नाच्या आधीपासून दारात उभा असलेला आणि घरात माझ्यापेक्षा जास्त मान असलेला. गाडी बंद पडली तर खोलावी. नाही पडली तर तिला धुवावं, हार घालावा आणि गप बसावं. हा कायदा मी मागच्या खंडेनवमीला मोडला. मोडला तो मोडला, वर तोंडही उघडलं. आमच्या दिग्रसमध्ये अजूनही कुणी कुणी त्यावरून नाक मुरडतं. मुरडू द्या. नाक त्यांचं आहे.

आधी गाडीचं सांगते. आमची गाडी म्हातारी, पण इंजिन खणखणीत. हंगामात ती घाटापलीकडच्या गावांतून कापूस भरून दिग्रसच्या जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, आणते. कापूस भरता भरता गाडी दोन्ही अंगांनी फुगते आणि वळणावर तो सगळा डोलारा एका बाजूला झुकतो. ते सगळं मागच्या कमानींनी सोसायचं. कमान म्हणजे लोखंडी पाट्यांची थप्पी, भाकरींची चवड ठेवावी तशी एकावर एक. त्या चवडीच्या मधोमध आरपार एक बोल्ट असतो, बोटाएवढा. त्याला सेंटर बोल्ट म्हणतात. तो पाट्यांना एकत्र धरतो आणि खालच्या धुऱ्याला, म्हणजे ॲक्सलला, जागेवर ठेवतो. मागे कमानी दोन, म्हणून बोल्टही दोन, एक डावा आणि एक उजवा. तो तुटला की धुरा सरकतो, एका बाजूचं चाक मागं जातं आणि गाडी तिरपी होते. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही, कारण तो थप्पीच्या पोटात असतो. या जातीच्या जुन्या गाड्यांचा हा रोगच आहे. कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा.

पुसदच्या रस्त्यावर एक घाट लागतो. तसा लहानच. एस.टी.तले लोक तो झोपेत पार करतात. पण भरली गाडी घेऊन उतरणाऱ्याला विचारा तो केवढा आहे ते. त्या खंडेनवमीच्या आदल्या हंगामात त्या घाटात आमचा डावा बोल्ट तुटला. गाडी हे चालवत होते, म्हणजे माझा नवरा. वळणावरच चाक सरकलं, गाडीचा मागचा भाग दरीकडे ओढला गेला आणि गाडी दगडी कठड्याला घासत घासत जाऊन थांबली. कठडा नसता तर मी आज हे लिहायला बसले नसते, रडायला बसले असते.

गॅरेजचे मिस्त्री तिथं जाऊन नवा बोल्ट टाकून आले. हे घरी आले ते हसतच. "काई नाई झालं, बोल्ट गेलता," असं सगळ्यांना सांगितलं. मी चहा दिला तर कप बशीत वाजायला लागला. यांनी कप खाली ठेवला, दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि पुन्हा हसले. भासऱ्यांनी विचारलं, "कापूस तं नाई ना भिजला?" नव्हता भिजला. विषय संपला.

त्यांचा संपला, माझा तिथून सुरू झाला. डावा गेला. पण उजवा? तोही तुटलेल्या डाव्याबरोबर एकाच दिवशी बसवलेला, त्याच ओझ्याखाली, त्याच खड्ड्यांतून हिंडलेला. डाव्याचा जुळा भाऊच. डाव्याचं तेरावं घालून उजव्याला शंभर वर्षं आयुष्य देणारे हे कोण, असं माझ्या मनात सारखं यायचं. यांना म्हटलं तर हे म्हणायचे, "दादा म्हनतीन तसं." हे वाक्य यांच्या तोंडात इतकं बसलंय की झोपेतही म्हणत असतील.

आता कुणी शहरातलं माणूस विचारेल, की बाई, मग तूच का नाही बोललीस भासऱ्यांशी. आमच्याकडे भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, भासऱ्याशी बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि जे सांगायचं ते सासूबाईंना सांगायचं, भासरे हाताच्या अंतरावर बसलेले असले तरी. "चहा झाला म्हना." "पानी तापलं म्हना." सासूबाई घरात नसल्या तर भिंतीकडं तोंड करून सांगायचं. भिंत नसली तर गाईला. भासरेही तसेच. मी समोर वाढत असायची आणि ते सासूबाईंना म्हणायचे, "म्हना तिले, वरनात मीठ नाई." घरात मोबाईल आले, पोरांची लग्नं व्हॉट्सॲपवर जुळायला लागली, पण आमचं म्हना-म्हना चालूच. मला त्याचा फार राग होता असंही नाही. सवय झाली की माणूस कशालाही रीत म्हणतो.

पण सासूबाईंच्या मार्फत सेंटर बोल्टाची गोष्ट कशी करायची? तरी करून पाहिली. म्हटलं, "म्हना त्यायले, डावा तुटला तसा उजवा बी तुटन, हंगामाच्या आंधी बदलून घ्या." सासूबाई भासऱ्यांकडं वळून म्हणाल्या, "इचं काईतरी बोल्टाचं हाय."

भासरे म्हणाले, "तुटला काय तो? नाई ना? मंग?"

एवढ्यात निकाल. भासरे दुष्ट नाहीत, हेही सांगायला पाहिजे. सासरे गेल्यावर घर त्यांनी ओढलं. आणि त्यांच्या कायद्यामागं एक दुखणं होतं. तरुणपणी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी चांगलं चालणारं इंजिन खोललं होतं. ते काही पुन्हा धड लागलं नाही, आणि अख्खा हंगाम गाडी दारात बसून राहिली. तेव्हापासून त्यांनी धसका घेतला. "एक खोललं का धा निंगते," असं ते म्हणायचे. भीती खरी होती. पण भीती त्यांची आणि घाट उतरायचा माझ्या नवऱ्यानं, हा कुठला न्याय?

त्याच हंगामात संक्रांतीला मी पुसदला मावसबहिणीकडे हळदीकुंकवाला गेले होते. परतीला हे कापूस भरून त्याच वाटेनं येणार होते, म्हणून मी गाडीतच बसले. केबिनमध्ये बसायला मला फार आवडतं. उंचावरून सगळी तूर, सगळा हरभरा दिसतो. मी तिळाचे लाडू काढले, यांना एक भरवला, गप्पा चालल्या होत्या. घाट आला तसे हे बोलायचे थांबले. गिअर खाली घेतला आणि उजव्या हातानं आपल्या बाजूच्या दाराची कडी काढली. दार लागलेलंही नाही आणि उघडंही नाही, नुसतं कोपरानं दाबून धरलेलं.

"काहून काढली?" मी विचारलं.

"हवा येते."

थंडीचे दिवस, माझ्या अंगावर शाल, आणि यांना हवा पाहिजे. मी काही बोलणार तेवढ्यात हे समोरचा रस्ता बघतच म्हणाले, "तुह्या बाजूची बी काढून ठेव. हात दांडीले धरून ठेव."

मी कडी काढली. दार हातात थरथरत होतं. खाली दरी, वर कापसाचा डोंगर, आणि आम्ही दोघं अर्धवट उघड्या दारांच्या मध्ये. त्या कठड्याला गाडीनं घासल्याची खूण अजून होती. ती गेली, वळण गेलं, रस्ता सरळ झाला, तेव्हा यांनी दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "लाव आता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस प्रत्येक फेरीला उडी मारायच्या तयारीनं घाट उतरत होता. उतरून जिनिंगला माल टाकत होता, घरी येऊन दोन भाकरी खात होता आणि 'दादा म्हनतीन तसं' म्हणत होता. मला रडू आलं नाही. संताप आला, अंगाची लाही लाही झाली. गाव आलं तसं हे हळूच म्हणाले, "दादाले नको सांगू हे." मी म्हटलं, नाही सांगत. पण मनात म्हटलं, बोल्ट मात्र बदलीन.

पावसाळ्यात गाडी जवळजवळ रिकामीच असते. तेव्हा मी सासूबाईंच्या तोंडून पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. उत्तर तेच, फक्त आवाज दरवेळी चढता. शेवटी मी एकटी स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदारानं माझ्या मागं कुणी पुरुष आहे का ते आधी पाहिलं. "मागच्या कमानीचा सेंटर बोल्ट द्या," म्हटलं. त्यानं विचारलं, "कोनी सांगतलं आनाले?" मी म्हटलं, "बोल्टानंच सांगतलं." तो हसला आणि तेलकट कागदात गुंडाळलेला बोल्ट काढून दिला. हातात जड लागला. घरी आणून मी तो ज्वारीच्या डब्यात ठेवला, कारण आमच्या घरातले पुरुष ज्वारीच्या डब्यात कधी हात घालत नाहीत.

नवरात्रात भासऱ्यांना फोन आला. दसऱ्याला सकाळी सकाळी घाटापलीकडं गाडी लावायची, हंगामाचा पहिला कापूस. भासरे खूश. मुहूर्ताचा माल म्हणजे वर्ष चांगलं जातं म्हणे. आता दिवस उरला होता तो एकच, खंडेनवमीचा. आणि खंडेनवमीला तर पाने, हातोडे, जॅक, सगळी अवजारं धुऊन पुसून चौरंगावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. गाडी उभी असते तो एकच दिवस, आणि त्याच दिवशी पाना उचलायची बंदी.

खंडेनवमीला सकाळी हे गाडी धुवायला गॅरेजवर घेऊन गेले. भासरे बाजारात गेले, झेंडूची फुलं आणि उद्याचा आपटा आणायला. मी ज्वारीच्या डब्यातून बोल्ट काढला, पिशवीत टाकला आणि निघाले. सासूबाई म्हणाल्या, "कुठी चालली व?" मी म्हटलं, "पूजेले."

गॅरेज आमच्या चाचांचं. चाचा मुसलमान, वयानं म्हातारे, सासऱ्यांच्या वेळेपासून आमची गाडी त्यांच्याच हाताखाली. त्यांच्याकडची कामाची माणसं बहुतेक हिंदू, म्हणून खंडेनवमीला त्यांच्या गॅरेजमध्येही अवजारांची पूजा होते. नारळ चाचा स्वतः आणतात आणि त्या दिवशी गॅरेज बंद ठेवतात. मी गेले तेव्हा पूजा आटोपली होती. चौरंगावर पाने लहानमोठे ओळीनं मांडलेले, सगळ्यांना हळदीची बोटं. उदबत्तीचा वास डिझेलच्या वासात मिसळलेला. हे पाइपनं चाकं धूत होते.

मी पिशवीतून बोल्ट काढला आणि चाचांसमोर धरला. "चाचा, उजव्या कमानीचा आहे. आज टाकून द्या. उद्या गाडी घाटात जाते."

चाचांनी बोल्ट पाहिला, माझ्याकडं पाहिलं, मग यांच्याकडं. यांनी पाइप बंद केला. "दादा येतीन," एवढंच म्हणाले.

"येऊ द्या," मी म्हटलं.

चाचा म्हणाले, "बहू, तुहं म्हननं गलत नाई. पन आज पाने पूजेत हायेत. मी पाना उचलला तं लोक काय म्हनतीन? चाचानं पूजा मोडली म्हनतीन. मले या भानगडीत नको पाडू बेटा."

ते खरंच बोलत होते. त्यांच्यावर हे ओझं टाकायचा मला काही अधिकार नव्हता. काम करणारी माणसं बाजूला उभी राहून बघत होती, एकजण तर तोंड उघडं टाकून. मी चपला काढल्या, चौरंगापाशी गेले, हात जोडले आणि ओळीतला सगळ्यात मोठा पाना उचलला. हळद ओली होती, ती माझ्या तळव्याला लागली.

"अव वहिनी!" कुणीतरी ओरडलं.

"काय वहिनी?" मी फिरले. "देवी हातात शस्त्र धरून उभी हाय. तिनं चौरंगावर मांडून ठेवलं असतं तं राक्षस मेला असता का? पूजा मी मोडली. पाप लागन तं मले लागन. चाचा, हे घ्या. आता हा पाना पूजेतला नाई, माह्या हातातला हाय."

चाचा हसले, हात पुसले आणि पाना घेतला. यांना म्हणाले, "चल, जॅक लाव."

यांनी जॅक लावला. गाडीचं मागचं अंग उचललं, चाक उतरवलं, कमानीला धुऱ्याशी बांधणारे दोन्ही क्लॅम्प ढिले केले. मी बाजूला बसून नट एका ताटलीत ठेवत होते. हात ग्रीसनं माखले होते. पदर केव्हाच डोक्यावरून घसरला होता आणि तो सावरायला माझा एकही हात स्वच्छ नव्हता. नेमके तेव्हाच भासरे आले. हातात झेंडूच्या माळा, सायकलच्या मागं आपट्याच्या फांद्या. गाडी एका बाजूनं उघडी पडलेली, पूजेतले पाने जमिनीवर, आणि भावसून बिनपदराची, कोपरापर्यंत काळी.

त्यांनी यांना विचारलं, "कोनी सांगतलं हे?"

हे खाली बघत राहिले. मला माहीत होतं, हे काही बोलणार नाहीत. जवळपास भिंत होती, गाय नव्हती, सासूबाई नव्हत्या. चाचांना 'म्हना' म्हणता आलं असतं. पण मला आता कुणाच्या तोंडून बोलायचा कंटाळा आला होता.

"मी सांगतलं, दादाजी," मी म्हटलं.

भासरे इतके गोंधळले की त्यांना माझ्याकडं बघावं की नाही तेच कळेना. शेवटी ते चाचांकडं वळले. "चाचा, म्हना इले, गाडी चांगली चालून राह्यलती. म्हना, चांगल्या गाडीचं पोट कायले फाडलं?"

"चाचायले कायले सांगता? मी इथंच उभी हाय," मी म्हटलं. "डावा तुटला तवा कठडा होता. उजवा तुटन तवा कठडा असंनच, असं तुमी लिहून देता का?"

"बोलते! माह्यासमोर बोलते!" भासरे यांना म्हणाले.

त्या क्षणी माझ्या जिभेवर ते आलं होतं. तुमचा भाऊ दाराची कडी काढून घाट उतरतो, हे. ते सांगितलं असतं तर भासरे जागच्या जागी खाली बसले असते, सगळा वाद तिथंच संपला असता. मी यांच्याकडं पाहिलं. यांनी डोळ्यानंच नको म्हटलं. एवढ्या माणसांत भित्रा ठरायचं नव्हतं त्यांना. मी ते गिळलं. जिंकायला हाताशी असलेलं एकच हत्यार मी गिळलं, आणि तरी मागं हटले नाही.

तेवढ्यात चाचांनी बोल्ट काढला. डिझेलच्या फडक्यानं पुसला, उजेडात धरला, फिरवून फिरवून पाहिला. सगळे वाकले. मीही.

बोल्ट चांगला होता. ना चीर, ना वाक. अगदी ठणठणीत.

भासरे हसले. माझ्या लग्नापासून मी त्यांना असं पोट धरून हसताना पाहिलं नव्हतं. "घ्या! पाहा! ऐन सनाच्या दिवशी पूजा मोडली, गाडी आडवी पाडली, कायच्यासाठी? तं यासाठी!" काम करणारी माणसंही हसली. माझे कान तापले. लाज वाटली, खोटं कशाला बोलू, त्या चाकाखाली जाऊन बसावंसं वाटलं. चाचांनीही विचारलं, "बहू, हाच टाकू का मंग परत? चांगला हाय."

"नवा टाका," मी म्हटलं.

"अव पन हा चांगला हाय ना!" भासरे. आता ते थेट माझ्याशी बोलत होते, त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"चांगला हाय म्हनूनच काढला, दादाजी. तुटल्यावर काढाले माही काय गरज? तवा तो आपोआपच निंगते."

चाचांनी नवा बोल्ट टाकला, क्लॅम्प कसले. यांनी स्वतः पान्यावर जोर देऊन ते शेवटचे दोन आटे फिरवले. मी पाने धुतले, पुसले, पुन्हा चौरंगावर मांडले आणि नव्यानं हळदकुंकू वाहिलं. देवीला काही राग आलेला दिसला नाही.

दसऱ्याला गाडी गेली आणि कापूस घेऊन परत आली. अर्थातच आली. भासऱ्यांनी तो जुना बोल्ट आणून बैठकीतल्या खिळ्याला दोरीनं लटकवला. घरी कुणी आलं की बोट दाखवायचे. "हे पाहा, आमच्या भावसुनेनं मारलेला वाघ." येणारा हसायचा, चहा प्यायचा, जायचा. बरं, रीत एकदा मोडली ती मोडलीच. आता भासरे सरळ माझ्याशी भांडायचे आणि मीही त्यांच्याशी. "भाजीत मीठ नाई," म्हणाले की मी म्हणायची, "मिठाचा डबा चांगला चालून राह्यला, म्हनून नाई खोलला." सासूबाईंचा निरोप्याचा धंदा बसला. त्या बिचाऱ्या एकदा भासऱ्यांकडं बघायच्या, एकदा माझ्याकडं.

थंडी पडली तसं एक दिवस कापूसवाले चारपाच जण बैठकीत बसले होते. बोल्टाची गोष्ट निघाली. भासऱ्यांना जोर चढला. त्यांनी बोल्ट खिळ्यावरून काढला, अंगणातल्या दगडावर ठेवला आणि घण मागवला. मला बाहेर बोलावलं. "आज फैसला होऊन जाऊ दे. घनानं फुटला तं मी सगळ्यायसमोर कान धरतो. नाई फुटला तं गाडीच्या बाबतीत तू तोंड घालनं बंद. कबूल?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हेही ओट्यावर उभे होते.

"नाई कबूल," मी म्हटलं. "तो घनाखाली तुटते काय? तो भरल्या गाडीखाली तुटते, वळनावर. तुमाले पाहाचंच असंन तं तिथं जाऊन पाहा. आन् फुटला तं मी जितली, नाई फुटला तं तुमी जितले. गाडी चालवनारा कुठी गेला या शर्यतीत? मले जितायचं नाई. मले हा मानूस घरी पाहिजे."

मी बोल्ट उचलला, विहिरीपाशी गेले आणि आत टाकून दिला. डुबुक् असा आवाज आला, बस्. तो मजबूत होता की पोटातून चिरलेला होता, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. न कळू दे. मला जे कळायचं होतं ते कळलेलं होतं.

भासऱ्यांचा चेहरा लाल झाला. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. पुन्हा सासूबाईंना म्हणू लागले, "म्हना तिले." सासूबाईंचा धंदा पुन्हा सुरू झाला. माझी काही तक्रार नाही. मला बोलता येतं हे आता घराला माहीत आहे.

मग यंदाची संक्रांत आली. मी पुन्हा पुसदला गेले आणि परतीला पुन्हा भरल्या गाडीत बसले. तीच शाल, तसेच लाडू. खंडेनवमीनंतर मी यांना दाराचं एकदाही विचारलं नव्हतं. विचारायला भीती वाटत होती. बोल्ट नवा टाकला म्हणून माणसाच्या मनातला जुना बोल्ट निघतोच असं नाही. घाट जवळ आला तसा मी हातातला लाडू खाली ठेवला. मी यांच्या उजव्या हाताकडंच बघत होते. न सांगता माझा हात माझ्या दाराच्या कडीवर गेला. मी ती काढली, दांडी धरली आणि वाट बघत राहिले.

यांनी गिअर खाली घेतला. हात स्टिअरिंगवरच होता. वळण आलं, कठडा आला. कापूस एका अंगाला झुकला आणि सरळ झाला. हे लाडू चघळत होते. चघळता चघळता यांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं.

"काहून उघडलं दार?" हे चिडून म्हणाले. "लाव नीट. पडशीन ना!"

मी दार ओढलं. खट्ट करून लागलं. मग मात्र मला रडू आलं, हुंदके देऊन आलं. घाटात नाही रडले, गॅरेजमध्ये नाही रडले, ते सगळं तिथं निघालं. हे घाबरून विचारत होते, "अव काय झालं? काय झालं?" मी मान हलवत राहिले. काय सांगू? काही झालं नाही, हेच तर झालं होतं.

घरी पोचलो तेव्हा भासरे बैठकीत बसले होते, त्या रिकाम्या खिळ्याखाली. माझे डोळे सुजलेले पाहून त्यांनी सासूबाईंना विचारलं, "इचारा तिले, गाडीले काई झालं का?"

मला वाटलं, आता सांगावं. त्यांना पाहिजे होता तो पुरावा आज माझ्यापाशी होता. पण तो माझ्या नवऱ्याचा होता, आणि तो मी कुणाच्या खिळ्याला टांगायला देणार नव्हते. बाहेर हे गाडीतून उतरत होते, कडी काढून, दार पुरतं उघडून, सावकाश.

मी पदर सावरला, भिंतीकडं तोंड केलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं, "म्हना त्यायले, काई नाई झालं. आन् म्हना, डावा आता जुना झाला. येत्या खंडेनवमीले तो काढनार हाय."